परमिट परत केल्याशिवाय निघू नकोस

कळवा,
सोमवार, २ जानेवारी २०२३, रात्री

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल माझ्या बोलण्यावरून तू जेवण अर्धं टाकून उठलीस. डबाही नेला नाहीस, आईने तो तसाच फ्रीजमध्ये ठेवलाय. फोन केला तर पुन्हा शब्दाला शब्द वाढेल, म्हणून लिहितोय. सुधीर उद्या सकाळी ऐरोलीला येतोय, त्याच्या हाती देतो.

खासगीकरणाविरुद्धच्या या वीज कर्मचाऱ्यांच्या संपावर जाऊ नकोस असं मला म्हणायचं नव्हतं. महावितरणमध्ये कायम होण्याआधीची, विद्युत सहायक म्हणून तुझी तीन वर्षं अजून पुरी झालेली नाहीत, मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावला तर वॉरंटशिवायही अटक होऊ शकते, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडातून निघालं तेव्हा भित्र्या माणसासारखं निघालं. जायचं की नाही ते तू ठरव. आजचे कलेक्टर ऑफिससमोरचे फोटो नानाने दाखवले. त्या गर्दीत तुझं हेल्मेट आईने माझ्याआधी ओळखलं आणि मग फोटो शेजारच्या काकूंनाही दाखवून आली.

काळजी आहे ती उद्या रात्री अकरा ते एक या दोन तासांची.

संप मंगळवारी रात्री बाराला सुरू. बाराला सबस्टेशनचा ऑपरेटर उठणार आणि त्या खुर्चीत एजन्सीचा माणूस बसणार. त्याला तुमचे फीडर, म्हणजे कुठली लाईन कुठल्या भागाला वीज नेते, ते माहीत नसेल. अकराला कोपऱ्यावरच्या आरएमयूत, म्हणजे स्विचच्या पेटीत, केबल फॉल्ट काढायला कुणी परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेतलं असेल आणि ते रजिस्टरमध्ये उघडंच राहिलं, तर बारा वाजून पाच मिनिटांनी सोसायटीवाल्यांचा फोन येईल, ‘लाईट कधी येणार?’ नवा माणूस ब्रेकर घेईल, म्हणजे लाईन चालू करेल. फॉल्टपेक्षा हा अदलाबदलीचा क्षण वाईट असतो. म्हणून तुझ्या नावावरचं परमिट बाराच्या आत परत कर. ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं, फोनवर नाही, ‘माझ्या वतीने सांग’ असंही नाही. आधी माणसं मोज, मग हत्यारं मोज, अर्थिंग (लाईन जमिनीला जोडणारी तार) काढल्याची खात्री कर, वेळ टाकून सही कर. काम अर्धं राहिलं असेल तर फीडर बंद आणि अर्थ केलेलाच ठेव, कुलपाची चावी साहेबांच्या हातात दे आणि रजिस्टरवर लाल शाईने लिही. तेवढा भाग अंधारात राहिला तरी चालेल.

आणि नवी मुंबईत खांबावरची सवय चालत नाही. तिथे सगळं जमिनीखाली आणि रिंगमध्ये. तुझ्या बाजूचा स्विच उघडला तरी पलीकडच्या सबस्टेशनकडून केबल जिवंत असते. दोन्ही टोकं उघडायची, दोन्हीकडे अर्थ स्विच घालायचा, दोन्हीकडे कुलूप. आरएमयूवरचा दिवा विझला म्हणजे सप्लाय गेला असं धरू नकोस, दिवाही जळतो. टेस्टर आधी चालू लाईनवर तपासून मग इथे लाव. लांब केबल बंद केल्यावरही चार्ज धरून राहते, म्हणून हात लावायच्या आधी डिस्चार्ज रॉड. सोसायटीचा जनरेटर उलटा घुसला तर ४३३ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन एचटीला, म्हणजे उच्च दाबाच्या बाजूला, २२ हजार होतात, म्हणून एलटीचे, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचे, फ्यूजही काढून खिशात ठेवायचे. हे सगळं तुला ट्रेनिंगला शिकवलंय. तरी लिहितोय, रागावू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ‘बाबा, महावितरण विकायला काढलंय आणि तुम्ही मेस्माचं सांगताय,’ असं तू म्हणालीस. यात एक गोष्ट नीट समजून घे, कारण पत्रकार विचारतील तेव्हा नुसतं ‘विकलं विकलं’ म्हणून भागणार नाही. समोरचा म्हणेल, कुठे विकतोय? आणि कागदावर तो खरा असेल. अदानी समूहाच्या कंपनीने मागितलाय तो समांतर वितरणाचा परवाना: मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. वीज कायदा २००३ च्या कलम १४ मध्ये एकाच भागात दुसऱ्या परवानाधारकाला वाव आहे. आपल्या कळव्यात तर परवानाही बदलला नाही. १ मार्च २०२० पासून फ्रँचायझी आहे, म्हणजे कारभार टोरंट या खासगी कंपनीकडे, बिलही तिचंच येतं, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर महावितरणच्याच मालकीचे. भिवंडीत २००७ पासून तेच.

विक्री नाही म्हणूनच धोका जास्त, असं माझं मत आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हा त्याच कायद्याचं कलम १३३ होतं: नव्या कंपनीकडे वर्ग होताना नोकरीच्या अटी आधीपेक्षा वाईट करता येत नाहीत. पण मालमत्ता हस्तांतरितच होत नसेल तर ते कलम लागू होणार कुठे? ग्राहक निघून जातो, काम आटतं, जागा भरल्या जात नाहीत, आणि कंत्राटी पोरांना तर आधीपासूनच कुठलं संरक्षण नाही. उद्या ८६ हजार कायम आणि ४२ हजार कंत्राटी मिळून उतरणार आहेत. त्या ४२ हजारांची बाजूही घ्या, घोषणेच्या शेवटी नको.

दुसरं, ग्राहक कोणता जाईल? ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, ऐरोली-महापेची डेटा सेंटर. ते सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात, त्यावर शेतीपंपाचा कमी दर उभा आहे. ते गेले तरी वीजखरेदीच्या करारांचा स्थिर आकार महावितरणला भरावाच लागतो, वीज घ्या वा न घ्या. तो मग उरलेल्यांच्या बिलात, म्हणजे आपल्या गावच्या मामांच्या पंपावर. मुंबई उपनगरात २००९ पासून जुन्याच तारांवर कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा मोठे ग्राहक गेले आणि मागे उरलेल्यांची सवलत टिकावी म्हणून गेलेल्यांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार लावावा लागला. हे उदाहरण सांग. आणि औरंगाबाद, जळगाव, नागपूर या तिन्ही ठिकाणी फ्रँचायझी मुदतीआधी संपली आणि कारभार पुन्हा महावितरणकडे आला, हेही सांग. त्याची कारणं वेगवेगळी आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. पण परत घ्यायला कुणीतरी जागेवर उरलेलं लागतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त खुपतं. दुसऱ्या कंपनीने स्वतःचं जाळं टाकलं तर त्याच फुटपाथखाली दुसरी केबल येणार. आज तू खणलंस तर एका कंट्रोल रूमचं परमिट पुरतं. उद्या एकाच खड्ड्यात दोन मालकांच्या दोन सारख्या केबल असतील. परमिट एकीचं घेतलं आणि करवत दुसरीवर पडली, तर? नकाशावर दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत फूट-दोन फुटांचा फरक सहज पडतो. म्हणून कापण्याआधी केबल ओळखायची आणि लांबून स्पाइक (केबलमध्ये खिळा घुसवणारं हत्यार) मारूनच खात्री करायची.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

संप सरकारला दिसतो, पण परवाना देणाऱ्या वीज नियामक आयोगाला लेखी हरकतच लागते. परवान्याच्या अर्जाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आल्यापासून ३० दिवसांत पोहोचलेली हरकतच विचारात घेतात. तुमच्या समितीतल्या मोठ्यांना हे ठाऊक आहे, पण सोसायट्यांना नाही. तुझ्या सबडिव्हिजनमधल्या दहा सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एकेक कागद लिहायला लाव. त्यात खड्डे, दोन केबल, तक्रार कुणाकडे करायची, हे त्यांच्या भाषेत येऊ दे. माझ्यासारखं लांबलचक नको.

फार बोललो. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा लोडशेडिंगमध्ये आई मेणबत्ती शोधायची आणि तू गॅलरीत जाऊन ओरडायचीस, ‘खारेगाव गेलं, विटावा आहे, म्हणजे आपलाच फीडर!’ कुणी शिकवलं नव्हतं. तुला टेक्निशियनच्या जागेची ऑर्डर आली तेव्हा आत्या म्हणाली, मुलीला पोलवर चढवतोस? मी तिला तोंडावर उत्तर दिलं. रात्री मात्र झोपलो नाही. तेव्हापासून तुझी रात्रपाळी असली की माझं तसंच.

हॉस्पिटल आणि पाणीपुरवठ्याचे फीडर बारापर्यंत चालू ठेवून मगच निघा. आणि परमिट परत केलंस की फक्त त्याचा नंबर मेसेज कर, बाकी काही लिहू नकोस. कितीही वाजू देत.

तुझे,
बाबा

ता. क. रबरी हातमोजे मनगटाकडून घट्ट गुंडाळत हवा बोटांकडे कोंडून बघ, कानाशी धर. सूं असा बारीक आवाज आला तर ती जोडी लगेच टाकून दे. नवी मागितलीस की ‘उद्या मिळेल’ म्हणतील. मग त्या दिवशी काम घेऊ नकोस.