मामीनं दिवा मालवला

कोल्हापूर

प्रिय विजय,

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. मागच्या शनिवारी राधानगरीला मामाकडे गेलो होतो. तिथं जे पाहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

सकाळी परड्यातून मामीची हाक आली, "सापाचं तोंड दिसतंय रं भिंतीवर!" धावत गेलो. बल्बखाली, चुन्याच्या भिंतीला चिकटून अ‍ॅटलास पतंग बसला होता. विजय, माझी वीत त्याच्या पंखांना पुरली नाही! विटकरी रंग, कडेला पिवळसर पट्टा, आणि वरच्या पंखांची टोकं हुबेहूब नागाच्या तोंडासारखी, डोळ्याच्या जागी काळा ठिपका. प्रत्येक पंखावर एक तिकोनी खिडकी असते, तिथं खवले नसतात. मी नाक टेकेपर्यंत जवळ गेलो, तर त्या खिडकीतून मागचा चुना दिसत होता. पोट जाडजूड, मिशा बारीक, म्हणजे मादी. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, मादीचा गंध त्याला त्यांनीच लांबून कळतो.

मामी म्हणाली, "उपाशी असंल, गुळाचं पाणी ठेवू का?" आणि वाटी घेऊन आलीसुद्धा. मला गलबलून आलं. कारण कोशातून बाहेर पडल्यावर या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना दालचिनीचा, पेरूचा पाला खाऊन अंगात जे साठवलं, त्यावरच आठ-दहा दिवस काढायचे. तेवढ्यात जोडीदार मिळायचा, अंडी घालायची, की संपलं. मग रात्रभर बल्बभोवती घिरट्या घालण्यात केवढी शिदोरी वाया जात असेल! दिव्यांचा लखलखाट आपण हौसेनं करतो, पण मला तर तो आता बघवत नाही.

हे सांगितल्यावर मामीनं वाटी आत नेली आणि संध्याकाळी दिवा लावलाच नाही. आम्ही ओसरीवर अंधारात बसून राहिलो. दिवसभर दगडागत निपचित असलेली ती नऊच्या सुमारास थरथरू लागली. पंखांची फडफड आधी ऐकू आली, मग एखादं वटवाघूळ जावं तशी ती दालचिनीच्या झाडाकडे गेली. कुणीच काही बोललं नाही.

काल फोन केला तेव्हा विचारलं, दिवा लावता का? मामी म्हणाली, "कशाला? बॅटरी हाय की."

तुझा,
सुहास