वहीत आमचे शब्द लिहून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही केलेलं काम आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला वाटतं.

तुम्ही येण्याआधी दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर गप्प बसून काढली. आधीच्या गुरुजींनी मला ‘मंद’ ठरवलं होतं. मी मंद नव्हते, मला त्यांची भाषाच कळत नव्हती. तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन बसलात आणि खुणेनं विचारलंत, पाण्याला तुमच्यात काय म्हणतात? मी सांगितलं. तुम्ही ते वहीत लिहिलंत आणि म्हणून दाखवलंत, तेही चुकीचं. सगळा वर्ग हसला, आणि तुम्ही आम्हाला हसू दिलंत. मग आम्हीच तुम्हाला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. शाळेत मोठं माणूस चुकतं आणि आपण बरोबर असतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता शाळेत आले.

पुढे माझी आजी वर्गात येऊन गोष्ट सांगून गेली. तिची चार वाक्यं तुम्ही फळ्यावर लिहिलीत. आमचा वाचनाचा पहिला धडा तोच.

माझ्या वडिलांना हे पटलं नव्हतं. “घरची भाषा घरी आहेच, पोरीला बाहेरची शिकवा,” असं ते म्हणाले. त्यांचंही खरंच होतं, बाहेरच्या भाषेवाचून पोट भरत नाही हे त्यांनी भोगलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन्ही शिकवेन म्हणालात, आणि शिकवल्यात.

धाकट्या भावाची गोष्ट तर राहिलीच. फी नसली तरी गरिबाला शाळा फुकट पडत नाही. मी वर्गात बसले की त्याला सांभाळायला घरी कुणी नसायचं. चार दिवस मी दिसले नाही तेव्हा तुम्ही चालत घरी आलात आणि म्हणालात, “त्यालाही घेऊन ये.” तो माझ्या मांडीवर झोपायचा आणि मी बेरजा करायचे.

शिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना कळलं की न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळनिवासी माओरी समाजानं १९८२ साली ‘कोहंगा रेओ’ सुरू केले. कोहंगा रेओ म्हणजे भाषेची घरटी. तिथे मोठी माणसं लहानग्यांशी माओरीतच बोलतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९ च्या, आदिवासींच्या हक्कांविषयीच्या १६९ क्रमांकाच्या करारातलं अठ्ठाविसावं कलमही वाचलं. शक्य असेल तिथे मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत लिहा-वाचायला शिकवावं आणि देशाची भाषाही नीट येईल अशी सोय करावी, असं ते सांगतं. म्हणजे तुम्ही वडिलांना दिलेलं उत्तरच की! वाचता वाचता मला रडू आलं.

आता मी शिकवते. माझ्या वर्गातली मुलं आणखी वेगळीच भाषा बोलतात, आणि माझी वही जेमतेम चाळीस पानं भरली आहे. बाई, तुमची ती जुनी वही अजून असेल, तर काही दिवस मला द्याल का? त्या शब्दांशेजारी तुम्ही काय काय टिपून ठेवायचात, ते मला पाहायचं आहे.

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी