पाठवलेले अर्ज मोठ्याने वाचायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव कुठेही लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघडं लिहितोय. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आजही कुणीतरी रात्री जागून एकच सीव्ही दहा देशांत धाडत बसलेलं असणार. तुम्हाला हे जाहीर कौतुक आवडणार नाही. एवढं एक सहन करा.

पहिला फोन आठवतो? ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला होता. तुम्ही कोरिया, ओमान आणि जपान इथल्या विद्यापीठांत वीसेक वर्षं इंग्रजी शिकवलेल्या. मी तशाच नोकरीसाठी ४३ अर्ज करून बसलेलो, त्यातल्या ४१ ठिकाणांहून साधी पोचसुद्धा नाही. तुम्ही कुणाच्या तरी कानावर माझं नाव घालाल, एवढ्याच आशेने फोन केला होता, आता लपवण्यात अर्थ नाही. मॅडम, मॅडम करत मी पंधरा मिनिटं रडगाणं गायलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मॅडम नको, ताई म्हण. आता पाठवलेल्यातले कुठलेही पाच अर्ज काढ आणि वाचून दाखव. मोठ्याने."

तिसऱ्या अर्जाशी माझाच आवाज बसला. पाचही पत्रांची सुरुवात एकच: मला अध्यापनाची मनापासून आवड आहे. चौथ्यात तर विद्यापीठाचं नावच दुसरं, आदल्या अर्जातलं तसंच राहिलेलं. तुम्ही हसला नाहीत. "हे अर्ज नाहीत रे, हँडबिलं आहेत," एवढंच म्हणालात. मग विचारलंत की यातल्या एका तरी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी कशासाठी शिकवतात हे तुला ठाऊक आहे का? मला नव्हतं.

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. दोन दिवस टिकला.

तुम्ही पहिल्यांदा माझं कॅलेंडर दुरुस्त केलंत. कोरियातलं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि मी फेब्रुवारीत अर्ज करत होतो, म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावर पत्रिका मागणारा मी. मार्चच्या जागा आदल्या वर्षाच्या शेवटी भरत येतात, सप्टेंबरच्या सत्राच्या तिथल्या उन्हाळ्यात. जपानचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण त्या जागांच्या जाहिराती आदल्या उन्हाळ्यापासून दिसू लागतात. तिथे 'जेआरईसी-इन' नावाचं सरकारी संस्थेचं पोर्टल आहे आणि विद्यापीठांच्या बहुतेक जागा तिथे कळतात, हेही मला तुमच्याकडूनच समजलं. तोवर मी एजंटांच्या याद्या चाळत होतो.

मग माझी पदवी. इंग्रजी साहित्यातलं एम.ए. मला पुरेसं वाटत होतं. जाहिरातीत असायचं: टीसॉल (म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा विषय), उपयोजित भाषाविज्ञान किंवा संबंधित विषय. त्या 'संबंधित'मध्ये साहित्य बसतं की नाही, हे प्रत्येक समिती आपापलं ठरवते, आणि मी ते त्यांच्यावर सोडून मोकळा झालो होतो. आखाती देशांतल्या विद्यापीठांत पहिलं पायाभूत वर्ष शिकवायला एम.ए.सोबत सेल्टासारखं इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण बघतात. जपानमधल्या समित्या सेल्टाला फार वजन देत नाहीत, त्यांना छापलेलं लेखन लागतं. तरी तुम्ही मला सेल्टा करायला लावलंत. "समितीसाठी नाही, तुझ्यासाठी," म्हणालात. निदान १२० तासांच्या त्या अभ्यासक्रमात सहा तास प्रत्यक्ष वर्गावर शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी सगळं टिपून घेत असतं. अकरा वर्षं शिकवत होतो, पण माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसून कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

'नेटिव्ह स्पीकर' (इंग्रजी मातृभाषा असलेले) या दोन शब्दांनी मी किती खचलो होतो, हे तुम्हाला माहीत आहे. जाहिरातीत ते दिसले की मी पान मिटून टाकायचो. तुम्ही त्याची फोड केलीत: यात कायदा किती आणि सवय किती? कोरियात ई-२ व्हिसावर इंग्रजी शिकवायला मुख्यतः सात देशांचे पासपोर्ट चालतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तो नियम आहे, त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये. पण विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाचा व्हिसा ई-१, आणि त्याला ती सात देशांची यादी लागू नाही. मी खासगी क्लासांच्या जाहिराती आणि विद्यापीठांच्या जाहिराती एकाच सुपात घेऊन पाखडत होतो. आणि जिथे 'नेटिव्ह किंवा त्या तोडीचं प्रभुत्व' असं लिहिलंय, तिथे ते 'किंवा' आपल्यासाठीच आहे, हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली, ती एम.ए.ला पाठ केली होती. आपण मधल्या वर्तुळातले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नाही पण व्यवहारात आहे असे, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण या विषयातल्या टीसॉल इंटरनॅशनल या मोठ्या संघटनेने नेटिव्ह नसलेल्या शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध २००६ मध्ये स्वतंत्र निवेदन काढलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्या निवेदनाने कुणाला नोकरी मिळते असं नाही. माझी मान मात्र थोडी वर आली.

शिफारसपत्राचं तर तुम्ही साफ नाकारलंत. "तुला शिकवताना पाहिलेलं नाही, काय लिहू?" मी विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन ५० मिनिटांचा एक तास रेकॉर्ड करून पाठवला. मनातून खूश होतो, तास रंगला होता. चार दिवसांनी तुमचा एका पानाचा हिशेब आला. मी बोललो ३८ मिनिटं. विचारलेले प्रश्न ६१. त्यातल्या ४४ प्रश्नांची उत्तरं मीच दिलेली. खाली एक ओळ: "इंग्रजीचा सराव छान झाला. तुझा."

ते पान अजून माझ्याकडे आहे. पुढे तीन महिने दर गुरुवारी रात्री आपण फोनवर बसायचो. तुम्ही कधी मुलाखत समिती व्हायचात, कधी तोंड न उघडणारी विद्यार्थिनी. माझा प्रश्न आला की तुम्ही गप्प. मी लगेच तो सोपा करून पुन्हा विचारायचो, तेही जमलं नाही की उत्तर देऊन टाकायचो. "थांब," तुम्ही म्हणायचात, "मनात दहा आकडे मोज." दहा आकडे म्हणजे किती मोठा काळ असतो! सहाव्या की सातव्या गुरुवारी मी पहिल्यांदा पूर्ण दहा मोजले आणि तुम्ही एक मोडकंतोडकं वाक्य बोललात. मला खराखुरा आनंद झाला होता, जणू पलीकडे खरंच एखादी लाजरी मुलगी होती.

त्याच काळात माझा पहिला लेखही चालला होता. छापलेलं माझ्याकडे काहीच नव्हतं आणि जपानमधल्या जाहिराती बहुधा तीन मुख्य लेखांच्या प्रती आणि प्रत्येकाचा सारांश मागतात. मला वाटायचं, संशोधन म्हणजे मोठा प्रकल्प, अनुदान, यंत्रणा. तुम्ही विचारलंत, "वर्गात तुला रोज काय खटकतं?" मुलांच्या निबंधातल्या चुका लाल करून करून हात दुखतो आणि पुढच्या निबंधात त्याच चुका येतात, हे खटकत होतं. मग तुम्ही मला जॉन ट्रस्कॉट आणि डॅना फेरिस या दोन अभ्यासकांच्या वादात ढकललंत. १९९६ मध्ये ट्रस्कॉटने लिहिलं की परभाषेतल्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका सुधारून देणं सोडूनच द्यावं, त्याने फायदा नाही, उलट नुकसान. १९९९ मध्ये फेरिसने उत्तर दिलं की इतक्यात असा निकाल लावू नका, कुठल्या चुका आणि कशा सुधारता यावर ते अवलंबून आहे. एवढ्या मोठ्या भांडणात माझ्या ३४ मुलांच्या वह्या शिरल्या. एका सत्रात चुका सुधारून दिल्या, दुसऱ्यात नुसत्या खुणा केल्या. निष्कर्ष काही डोळे दिपवणारा नव्हता. काही मुलांना खुणांचा उपयोग झाला, काहींना खुणा कळल्याच नाहीत. मी गुंडाळून ठेवणार होतो, पण तुम्ही म्हणालात की कळल्या नाहीत, हेच तर लिहायचं आहे. दोन ठिकाणांहून परत आला. तिसऱ्या ठिकाणी दोन वेळा दुरुस्त्या करून छापला. आईला प्रत दाखवली तर तिने विचारलं, यात तुझा फोटो कुठे आहे?

मध्ये एकदा मी खड्ड्यात पडता पडता वाचलो. मुलाखत न घेताच नेमणूक, पगार जाहिरातीतल्या कुठल्याही पगाराहून मोठा आणि व्हिसाच्या कामासाठी आधी पैसे भरा, तेही एका व्यक्तीच्या खात्यात. आज हे वाचतानाच हसू येतं, त्या संध्याकाळी मात्र मी बँकेचं ॲप उघडून बसलो होतो. तुम्ही फक्त विचारलंत, "ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलीय का?" नव्हती आली.

कागदांचं तुम्ही पहिल्या दिवसापासून मागे लागला होतात. पदवीवर माझं आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. नोकरी हातात आल्यावर हे निस्तरायला गेलो असतो, तर सत्र सुरू होऊन संपलं असतं. अपॉस्टिल म्हणजे काय तेही तेव्हाच कळलं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये कागद खरा असल्याचा हा एक शिक्का पुरतो. ओमान त्यात २०१२ पासून आहे, सौदी २०२२ च्या डिसेंबरपासून. आणि जे देश करारात नाहीत, त्यांच्यासाठी वकिलातीच्या खेपा चुकत नाहीत.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकलात, ताई, आणि ते इथे लिहिणारच. संध्याकाळच्या क्लासमध्ये मी चार वर्षं संभाषणाचं इंग्रजी शिकवलं होतं. ते सीव्हीतून काढ, विद्यापीठाबाहेरचा अनुभव समिती मोजत नाही, असं तुम्ही सांगितलंत. मी काढलं नाही. तुम्हाला सांगितलंही नाही. जपानमधल्या या विद्यापीठाच्या मुलाखतीत समितीतल्या सर्वांत वयस्क प्राध्यापकांनी नेमकं तेच विचारलं: दिवसभर काम करून थकून आलेल्या लोकांना तुम्ही बोलतं कसं करायचात? त्यांच्याकडचे विद्यार्थी अभियांत्रिकीचे, इंग्रजी सक्तीची म्हणून येणारे. त्यानंतर १५ मिनिटांचा नमुना तास, समितीच विद्यार्थी झालेली. मी पहिला प्रश्न विचारला. कुणी बोललं नाही. मी दहा आकडे मोजले. आठव्याला एक जण बोलले.

या नोकरीचा अर्ज टपालाने पाठवायचा होता. पाकिटावर आत काय आहे ते लाल शाईत लिहायचं, अशी जाहिरातीतच सूचना होती: इंग्रजी शिक्षकपदाचा अर्ज आत आहे. जपानी अक्षरं मला येत नव्हती. तुम्ही कागदावर मोठी काढून त्याचा फोटो पाठवलात, रेघा कुठल्या क्रमाने ओढायच्या त्याचे आकडे घालून. मी रद्दी पाकिटांवर वीस वेळा गिरवलं. अर्जातल्या इतर कुठल्याही ओळीवर मी एवढी मेहनत घेतली नसेल.

आता इथे आठवड्याला आठ कोमा, म्हणजे तासिका, आहेत, प्रत्येकी ९० मिनिटांचे, सत्र १५ आठवड्यांचं. करार तीन वर्षांचा, वाढवून जास्तीत जास्त पाच. सही करण्याआधी तुम्ही पाचाचा अर्थ समजावला होता. २०१३ पासूनच्या नियमानुसार मुदतीच्या करारांची एकूण पाच वर्षं ओलांडली की नोकरदार बेमुदत करार मागू शकतो, विद्यापीठांतल्या काही पदांना ही मर्यादा दहा वर्षांची आहे, आणि म्हणून बरीच विद्यापीठं पाचावरच पूर्णविराम देतात. "वाईट वाटून घेऊ नकोस, मोजत राहा," म्हणालात. मी मोजतोय. अठरा महिने झाले.

दुसरा लेख अर्धाच झालाय. गुरुवारी विचारणार, म्हणून आधीच कबूल करतो. परवा तुम्ही पाठवलेली जाहिरात पाहिली. शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५, अर्ज टपालाने. पाकीट आणलंय, लाल पेनही. या वेळी अक्षरं माझी मीच काढली, फोटो सोबत पाठवतोय. तिसऱ्या अक्षरातली शेवटची रेघ जरा वाकडी गेलीय का, तेवढं बघून सांगा.

तुमचा,
गुरुवारचा विद्यार्थी