व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटावर भुलू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इंग्लंड-अमेरिकेत राहून जुन्या लष्करी रायफली जमवणारी मराठी मंडळी आहेत. ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे इंग्रजांची ली-एनफिल्ड रायफल, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कालपरवापर्यंत दिसायची, त्यामुळे लिलावात ली-एनफिल्ड आली की हात आपोआप पुढे जातो. त्यांच्यासाठी हे पत्र. (इथे भारतात अशी रायफल परवान्याशिवाय घरात ठेवताच येत नाही.)

पाकिस्तानातल्या पेशावर-कोहाट रस्त्यावरच्या दर्रा आदम खेल गावात पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका घडवल्या जातात. त्यांतल्या कित्येक २००१ नंतर काबूलच्या बाजारातून परदेशी सैनिकांनी घरी नेल्या. आता त्याच ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून विकायला निघतात. कारागिरी थक्क करणारी असते, पण ठसे खोटे असतात.

आधी कॅलेंडर काढा. दस्त्याचे लाकूड ज्या लोखंडी खोबणीत बसते, तिच्या उजव्या अंगाला मुकुट, राजा-राणीच्या नावाची अक्षरे, कारखाना, वर्ष आणि मॉडेल अशी उतरंड असते. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली. आखूड ली-एनफिल्डचे मार्क ३ मॉडेल आले १९०७ मध्ये. म्हणजे त्यावर ‘व्ही. आर.’ ही व्हिक्टोरियाची अक्षरे असूच शकत नाहीत. एडवर्डचे ‘ई. आर.’ १९०१ ते १९१०, पुढे जॉर्जचे ‘जी. आर.’. नक्कल करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे. समोरच्या बंदुकीवरची नक्षी तो उतरवत असे. म्हणून ‘एनफिल्ड’मधला ‘एन’ आरशात पाहिल्यासारखा उलटा येतो, एखादे अक्षर गळते, आणि मुकुटाचा होतो फ्लॉवरचा गड्डा.

‘जी. आर. आय.’ पाहून मात्र बिचकू नका. तो जास्तीचा ‘आय’ सम्राट या पदवीचा, आणि कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्याच्या इंग्रजी अमदानीतल्या रायफलींवर तो दिसतो. मुकुट अजिबात नसलेली बी.एस.ए. कंपनीची रायफलही खरी असू शकते; ती सरकारसाठी नव्हे, खासगी विक्रीसाठी बनलेली असते.

खरी परीक्षा धातूची. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि टॉर्च आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. ठशाने ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो, बोटालाही जाणवतो. तळ सपाट असतो. छिन्नीच्या अक्षराचा तळ ‘व्ही’सारखा निमुळता, आणि गोल ‘ओ’ पाच-सहा सरळ घावांचा बनलेला. सरकारी मालकीचा बाण तीन रेघांचाच, पण नकलेत त्या टोकाशी नीट जुळत नाहीत. मशीनने कोरलेल्या अक्षरांची खोली सगळीकडे सारखी, कडेला उचल नाही. अर्थात कोणी आधी पॉलिश मारले असेल तर खऱ्या ठशाचीही उचल गेलेली असते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. गंजाचे खड्डे पाहा. ठसा जुना असेल तर खड्ड्याने अक्षराची कड खाल्लेली असते. अक्षरच खड्ड्याला स्वच्छ कापून जात असेल, तर आधी गंज आला आणि मग ठसा.

नळी, बोल्टची (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ, पुढची टोपी यांवरचे क्रमांक जुळले नाहीत म्हणून रायफल खोटी ठरत नाही. लष्करी दुरुस्तीत जुन्या क्रमांकावर रेघ मारून नवा ठोकत.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते ली-एनफिल्डच्या ‘नंबर ४’ मॉडेलच्या, दुर्बीण लावलेल्या स्नायपर रायफलीत. साध्या रायफलीत बोल्ट जिच्यात सरकतो त्या चौकटीच्या डाव्या भिंतीवर ‘टी’ ठोकला की किंमत कित्येक पट, आणि ‘टी’ म्हणजे दोनच रेघा! पण अस्सल नगात दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक आणि दस्त्याच्या लाकडावर दुर्बिणीचा क्रमांक असतो. हॉलंड अँड हॉलंडने तयार केलेल्या नगांच्या दस्त्याखाली ‘एस ५१’ हा त्यांचा संकेत. विक्रेत्याकडून या सगळ्या जागांचे फोटो मागवा. नुसत्या ‘टी’चा फोटो येत असेल तर पुढचे बोलणे थांबवा.

ठसा नीट दिसावा म्हणून पॉलिशपेपर घासू नका. तपासायचा पुरावाच त्याने जातो. थोडे तेल आणि मऊ फडके पुरे.

आणि अशी दर्र्याची नक्कल हाती आली तर तिच्यातून गोळी झाडू नका. बोल्ट आणि नळीचे बूड यांमधली फट गेजने (ठरावीक जाडीच्या मापाने) मोजतात: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हावा, ०.०७४ च्या गेजवर होऊ नये. पण ही फट बरोबर आली तरी पोलाद कच्चे आहे की पक्के, हे कोणताही गेज सांगत नाही.

आपले,
जुन्या शस्त्रांचे अभ्यासक, पुणे