दिन्या, तुझं बरोबर होतं

राळेगाव, तान्हा पोळा

दिन्या,

दीड महिना तुझा फोन उचलला नाही. शिव्या दे. माझी शुगर आहे तेवढीच आहे.

माय गोठ्यात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. १०८ वेळेवर आली, खोटं कशाला बोलू. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट. एक्सरेचं मशीनही आहे. ते चालवणारा मंगळवारी येतो, माय पडली बुधवारी. तिनं काही मुहूर्त पाहिला नव्हता.

मग जावयानं नागपूरच्या एका खाजगीत नेलं. काउंटरवरची पोरगी म्हणे दोन लाख दहा हजार, साठ आत्ता भरा. महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड काढलं. त्यात फुकट उपचाराचे दीड लाखाचे पाच लाख झाले हे मलाही पाठ आहे. पण रेशनकार्डावर माय ‘पार्बता’ अन् आधारवर ‘पार्वती’. "नाव जुळत नाही, आजोबा." मी आजोबा!

कपाशी गुडघ्याएवढी, घरात अकरा हजार. अन् मी त्या पोरीशी भाव करायला लागलो बे, जिनिंगवर कापसाचा करतो तसा. "दीडमध्ये होते काय? साधी पट्टी टाका, म्हातारी काही पळायची नाही." माय मागं स्ट्रेचरवर. तिनं ऐकलं.

तुझ्या बाबाच्या वेळी तू नाल्याकडचे दोन एकर विकले, तेव्हा मी पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पिकल्या पानासाठी वावर विकते काय कोणी. तू वर्षभर बोलला नाहीस. भांडण बॅटवरून झालं असं मी आजवर सांगत आलो.

शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तुझ्या मामाच्या गावचे लोक सुगीत ज्वारी देऊन तिथलाच विमा काढत ना? नाव जुळवायला तहसीलीत माझ्या तीन चकरा झाल्या, मग योजनेतून ऑपरेशन. तरी गाड्या, डबे, औषधं धरून एकोणतीस हजार गेले. सासऱ्यानं दिले, आता दर रविवारी आठवण देते.

माय वॉकरवर चालते. आज नातवाच्या लाकडी बैलाला ओवाळलं, कनवटीचे वीस रुपये बोजारा दिला. मग मला हळूच विचारते, "दीडमध्ये झालं असतं काय रे?"

मी बैलाचं चाक बसवत राहिलो.

पोरीचा निकाल कळला, पेढे राहिले. वहिनीला नमस्कार. फ्लॅटचे हप्ते संपले काय? दिवाळीला ये. पानठेल्यावर बसू. मला जे म्हणायचं ते तिथंच म्हण, सगळ्यांसमोर.

तुझा,
गज्या