आधी पाणी का, मग दाब किती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाइपिंगच्या कामावर नवीन आलेल्या मुलांना दाबचाचणी, म्हणजे पाइप किंवा टाकी कामापेक्षा जास्त दाबाला गळत नाही ना हे पाहणे, कशी शिकवली जाते, याविषयी थोडे लिहायचे आहे. माझी सगळी नोकरी फिटर आणि नंतर टेस्टिंग सुपरवायझर म्हणून गेली. आजही मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी टेस्ट पंपाचा दांडा दिला जातो आणि ‘काटा इथवर आण, दहा मिनिटे धर, उतरला नाही की झाले’ एवढेच सांगितले जाते. आकडे तो पाठ करतो. कारखान्यातल्या प्रोसेस पाइपिंगच्या एएसएमई (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था) बी ३१.३ संहितेप्रमाणे हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून केलेली चाचणी, डिझाइन दाबाच्या दीडपट, प्रेशर व्हेसलला (दाबाखालच्या टाकीला) त्याच संस्थेच्या सेक्शन आठ, डिव्हिजन एकप्रमाणे कमाल कार्यदाबाच्या १.३ पट, वर तापमानाची दुरुस्ती. पण पाणीच का भरायचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

पाणी जवळजवळ दबतच नाही. १०० बार दाबालाही (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या हवेइतका दाब) ते जेमतेम अर्धा टक्का आकसते. त्यामुळे वेल्ड फाटला तर थोडे पाणी उडते आणि दाब लगेच कोसळतो. हवा मात्र दबून बसते आणि वाट मिळाली की झेपावते. १० बारला एक घनमीटर हवेत साठलेली ऊर्जा तेवढ्याच पाण्यातल्या ऊर्जेच्या हजारो पट असते. फ्लँजचे (पाइप बोल्टने जोडायच्या कडीचे) झाकण, प्लग, पाइपचा तुकडा, जे सुटेल ते गोळीसारखे जाते. हे ज्याला कळले, तो ‘पाणी काढायला वेळ जातो, कॉम्प्रेसर लावून टाका’ असे म्हणणाऱ्या साहेबाला नाही म्हणू शकतो. असे म्हणणारे मी एकाहून अधिक साइटवर पाहिले आहेत.

काही ठिकाणी हवेशिवाय गत्यंतर नसते, हे मान्य. आत पाण्याचा थेंबही चालत नसेल किंवा आधार पाण्याचे वजन पेलणार नसतील, तर न्यूमॅटिक टेस्ट करावीच लागते. पण त्यासाठी जादा दाब आपोआप सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लागतो, दाब टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो, सुरुवातीलाच कमी दाबावर थांबून जॉइंट तपासावे लागतात आणि माणसे लांब ठेवावी लागतात. वेळ वाचवायचा तो मार्ग नव्हे.

आणि पाणी भरले म्हणजे हवा गेली, असेही नसते! उंचावरचे व्हेंट, म्हणजे हवा जायचे तोंड, उघडे ठेवून त्यातून सलग धार येईपर्यंत भरत राहावे लागते. लाइन खरोखर भरली असेल तर हातपंपाच्या प्रत्येक झटक्याला काटा सरकतो. तो आळसावला, पंप मारत राहावे आणि काटा हलूच नये असे झाले, की कुठेतरी मोठी गळती आहे किंवा वर हवा अडकली आहे. दांडा हातात असलेल्या मुलाला हे सर्वांत आधी कळते, पण त्याचा अर्थ त्याला माहीत हवा.

काट्याचेही तसेच. पाण्याने भरून बंद केलेली लाइन उन्हात तापली की तापमानाच्या एकेका अंशाला दाब काही बारने चढू शकतो आणि संध्याकाळी गळती नसतानाही उतरतो. म्हणून दाबाबरोबर तापमान लिहायचे. दहा मिनिटे हा किमान धरण्याचा वेळ आहे. त्यानंतर दाब डिझाइनपर्यंत उतरवून प्रत्येक वेल्ड, प्रत्येक फ्लँज डोळ्यांनी पाहायचा असतो. बारीक पाझर गेजवर दिसत नाही, बोट फिरवल्यावर ओल लागते. पाझर दिसला म्हणून दाबाखाली बोल्ट आवळायचा नाही, आधी दाब शून्यावर आणायचा.

पाणी काढताना वरचा व्हेंट आधी उघडावा. नाहीतर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी चेपते, आणि हे चाचणी पास झाल्यानंतर घडते.

प्रशिक्षण केंद्रांना आणि कंत्राटदारांना माझी विनंती आहे की पंपाच्या दांड्याला हात लावण्याआधी प्रत्येक नवख्याकडून त्या दिवशीच्या लाइनमध्ये हवा भरली तर किती ऊर्जा साठेल, एवढे एक गणित कागदावर करून घ्यावे. त्याला अर्धा तास पुरतो.

आपला,
एक निवृत्त टेस्टिंग सुपरवायझर