ओंकारचा रोममधला पहिला दिवस

ऐरोली, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबांना निम्मंच ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याची काळजी आई करत बसते, म्हणून ओंकारचा सहलीतला रोमचा पहिला दिवस कसा असेल, ते लिहूनच पाठवतेय. मुलांच्या सहली आखणं हे माझं रोजचंच काम, तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी वेळेचं. नोव्हेंबरात रोम आपल्या साडेचार तास मागे. बाबा साडेतीन धरून बसलेत, तो उन्हाळ्याचा हिशोब. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतात. आपली दुपारची एक म्हणजे तिथली सकाळची साडेआठ, फोन तेव्हाच करा. झोपताना तो फोन करेल म्हणून जागू नका, तेव्हा ठाण्यात अडीच वाजलेले असतील.

विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस कुठेही न थांबता 32 मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला पोचवते. घोटाळा होतो तो इथेच. तिथूनच एक स्वस्त लोकलही सुटते, पण ती तेर्मिनीला जातच नाही. घाईत चार मुलं तिच्यात चढली, की वाशीहून ठाण्याऐवजी पनवेल गाडी धरल्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी कोलोसियम नाही. त्याच्या तिकिटावर नाव आणि वेळ छापलेली असते. विमान लेट झालं की सगळ्या ग्रुपची तिकिटं पाण्यात. त्याऐवजी मेट्रोने फ्लामिनिओला उतरून पियात्सा देल पोपोलो हा चौक, स्पॅनिश पायऱ्या, त्रेवी कारंजं आणि पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ, सगळं पायी. पायऱ्यांवर 2019 पासून बसायला बंदी आहे, बसलं की दंड. अंधार पाचलाच पडतो, म्हणून दुपारी जेवून लगेच निघायचं. खोलीवर ‘जरा आडवा होतो’ म्हणणारा मुलगा पहाटे तीनला टक्क जागा असतो.

हरवेल का, या आईच्या प्रश्नाला उत्तर: प्रत्येकाला नंबर दिलेला असतो आणि दर चौकात मुलं ओळीने तो ओरडतात. मेट्रोचं दार मध्येच लागलं तर मागे राहिलेल्याने जागचं हलायचं नाही, पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं. लोकलची सवय असलेली आपली मुलं दाराला हात घालतात, ते मात्र बजावून सांगावं लागतं.

या सगळ्यात पँथिऑनला तासभर द्यायला हवा. बाबा, तुम्ही आयुष्यभर स्लॅब टाकलेत, तुम्हालाच आवडेल. घुमटाचा व्यास 43.3 मीटर, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि आत एक सळई नाही. हेड्रियनच्या काळातलं, साधारण इ.स. 125 चं काम. खाली काँक्रीट सहा मीटरहून जाड, वर जेमतेम सव्वा मीटर. खडीही खाली जड आणि वर पाण्यावर तरंगेल असा प्युमिस दगड. माथ्यावर जवळपास 9 मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो, पण फरशीला मध्ये उठाव आहे, त्यामुळे पाणी बारीक छिद्रांतून निघून जातं. 2023 पासून तिकीट लागतं, आधी फुकट होतं.

पाणी विकत घ्यायचं नाही. रस्तोरस्ती नासोने नावाचे लोखंडी नळ आहेत, 1874 पासूनचे. तोटीखाली बोट दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, तोंड लावायला नको. (हो बाबा, नळ चोवीस तास वाहतो. वाहतं म्हणूनच ताजं राहतं म्हणतात. चिडू नका.)

खाण्याचं सोपं आहे. पिझ्झा वजनावर मिळतो, कात्रीने कापून देतात. मार्गेरिता किंवा बटाट्याचा मागायचा. सुप्लीपासून जपायचं. दिसते भाताच्या लांबट वड्यासारखी, आत बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. रात्री हॉटेलं सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत, म्हणून आईच्या चकल्या सामानात नकोत, पाठीवरच्या सॅकमध्ये हव्यात.

आणि आई, दिवाळीला घेतलेले नवे बूट त्याला देऊ नकोस. तिथले रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे, ओल्यात निसरडे. जुने, पायाला बसलेलेच दे.

तुमची,
मंजू